तीस दिवसांची नोटीस : अहिल्यानगर जिल्ह्याच्या बारा आमदारांना खुले पत्र



अकोल्यापासून जामखेडपर्यंत आणि कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यातून तुम्ही बारा जण विधानसभेत जाता. पक्ष वेगळे, कारखाने वेगळे, पाण्यावरून एकमेकांशी भांडणही असते. तरी जिल्ह्याचा प्रश्न म्हणून कधी बारा जण एका सुरात बोललात, तर सरकारला ऐकावे लागते. हे पत्र पाण्यासाठी किंवा कांद्यासाठी नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ मधल्या नोटिशीच्या कलमांसाठी आहे. तो कायदा संसदेचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे मनात येईल. संबंध आहे. 'विवाह आणि घटस्फोट' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, समवर्ती सूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे दिल्लीइतकाच तो मुंबईचाही विषय आहे.

आधी ही नोटीस काय असते ते सांगतो, कारण ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांना ते सहसा माहीत नसते. मुलगा-मुलगी दोघेही हिंदू असतील (या कायद्यापुरते बौद्ध, जैन आणि शीखही त्यात आले), तर जात कोणतीही असो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली त्यांना आगाऊ नोटीस द्यावी लागत नाही. म्हणून तर आपल्याकडची घरातून निघालेली पोरे आळंदीची वाट धरतात. सकाळी पोचायचे, दुपारी कार्यालयात हार घालायचे, फोटो काढायचे, भटजीची सही घ्यायची आणि पुढे नोंदणी. पण एक हिंदू आणि एक मुसलमान असेल, किंवा दोघांनाही कुठलाच विधी नको असेल, तर विशेष विवाह कायदा हाच रस्ता. आपण त्याला रजिस्टर लग्न म्हणतो.

या रस्त्याच्या तोंडाशीच फाटक आहे. कलम ५ प्रमाणे दोघांपैकी एकाने निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहून विवाह अधिकाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. कलम ६ प्रमाणे ती नोटीस वहीत चढते, आणि ही वही कोणीही, एक पैसा न देता, उघडून पाहू शकतो. नोटिशीची प्रत कार्यालयात ठळक जागी लावायची. मुलगी मूळची दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडेही पाठवायची, तो तिथे लावणार. नावे, वय, व्यवसाय, पत्ता, सगळे त्यात. कलम ७ प्रमाणे कोणीही, म्हणजे अक्षरशः कोणीही, ३० दिवसांत हरकत घेऊ शकतो. हरकत आली की कलम ८ प्रमाणे चौकशी, तिला आणखी ३० दिवसांपर्यंत मुदत. हरकत खोडसाळ ठरली तर हरकतदाराला दंड किती? जास्तीत जास्त १००० रुपये. १९५४ साली ठरलेला आकडा तसाच आहे.

वकिलीत आमच्याकडे येणारी जोडपी कायद्याचा अर्थ विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो: हे तीस दिवस काढायचे कुठे? मुलीचे पत्ते दोन-तीनच असतात, घर, मामाचे गाव, मैत्रिणीची खोली. नोटीस लागल्याचे कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाकडून भावकीत पोचायला दोन दिवस पुरतात. मग ठाण्यात 'मिसिंग' दाखल होते, फोन उचलला की आई रडते, नाही उचलला की मित्राच्या बापाला उचलून आणतात. कायद्याने सज्ञान असलेल्या दोघांना आपण महिनाभर लपायला लावतो, आणि तेही त्यांच्या लपण्याचा पत्ता सरकारी कार्यालयात चिकटवून.

दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यातून मी हे लिहिले असते तर कदाचित इतके निकराने लिहिले नसते. आपला जिल्हा सोनई आणि खर्ड्याचा आहे. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळच्या एका वस्तीवर सफाई काम करणाऱ्या तीन दलित तरुणांना शौचालयाच्या टाकीच्या कामाचे निमित्त करून बोलावले आणि मारले. कारण, त्यातल्या एकाचे उच्च जातीच्या मुलीवर प्रेम होते. खटला नाशिकला हलवावा लागला, तिथल्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेतून ओढत नेले, मारहाण केली आणि त्याचे प्रेत झाडाला टांगलेले सापडले. संशय तसाच होता, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून नऊही आरोपी निर्दोष सुटले.

या दोन्ही प्रकरणांत कुणाचे लग्न लागले नव्हते. नोटीस वगैरेचा प्रश्नच आला नाही, आणि नोटीस काढून टाकली असती तर ही मुले वाचली असती असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. जिथे नुसत्या संशयावर माणसे मारली गेली, तिथे प्रेम करणाऱ्या दोघांची नावे-पत्ते महिनाभर भिंतीवर लावणे हा कागदोपत्री सोपस्कार उरत नाही.

दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट सारखी आहे, ती तुम्ही राजकारणात असल्यामुळे लगेच ओळखाल. मुलगा खालच्या मानलेल्या जातीचा, मुलगी वरच्या. उलट असते तर भांडण झाले असते, कदाचित वाळीत टाकले असते. खून झाला असता का, शंका आहे. हा फरक गावगुंडांनी शोधलेला नाही. शास्त्रात तो अनुलोम-प्रतिलोम या नावाने होता आणि इंग्रजांच्या काळात आपल्या न्यायालयांनी त्याला कायद्याचे बळ दिले. १९१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'बाई काशी विरुद्ध जमनादास' या खटल्यात ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचे लग्न कायदेशीर नाही असे ठरवले. दहा वर्षांनी, १९२२ मध्ये, 'बाई गुलाब विरुद्ध जीवनलाल' मध्ये त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्रीचे लग्न वैध ठरवले. पुरुष वरचा असेल तर चालेल, स्त्री वरची असेल तर नाही. त्यावेळीही नगर जिल्हा याच उच्च न्यायालयाच्या हद्दीत होता. सोनई-खर्ड्यात ज्यांनी हात उचलला त्यांनी हे निकाल वाचले नसतील, पण त्यांची चाल त्याच रेषेवरची होती.

आंतरवंशीय लग्नावरची बंदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. व्हर्जिनियातल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले, तो गोरा, ती काळी. गावी परतल्यावर काही आठवड्यांनी मध्यरात्री पोलीस थेट त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरले. एक वर्षाची शिक्षा झाली, ती २५ वर्षे राज्यात एकत्र पाऊल न ठेवण्याच्या अटीवर स्थगित केली. शेवटी १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अशा सगळ्या कायद्यांना घटनाबाह्य ठरवले. त्या दिवशी असे कायदे १६ राज्यांत जिवंत होते. एकेकाळी ॲरिझोना राज्याच्या बंदीत निग्रो, मंगोल यांच्या जोडीला 'हिंदू' असाही शब्द होता. त्या शब्दात त्यांनी हिंदुस्थानातून आलेला कोणीही धरला होता, मग तो मराठा असो, महार असो की मुसलमान. तिथल्या कारकुनाने आपल्याला एका रांगेत बसवले, हे काम आपल्याला स्वतःहून जमलेले नाही.

पण अमेरिकेच्या दाखल्यापेक्षा मला एक साल अधिक बोलके वाटते: १९४९. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने गोरे आणि इतर यांच्यातील लग्नांवर बंदी घालणारा कायदा केला, तो १९८५ पर्यंत टिकला. त्याच वर्षी आपल्या देशाने हिंदू विवाह वैधता कायदा केला: दोन हिंदूंचे लग्न निव्वळ जात किंवा पोटजात वेगळी म्हणून अवैध ठरणार नाही, आणि आधी झालेली लग्नेही त्या कारणाने कधीच अवैध नव्हती असे मानले जाईल. राज्यघटना अजून लागू व्हायची होती. 'बाई काशी' चा निकाल तिथे संपला.

हे एकाएकी घडले नव्हते. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आंतरजातीय हिंदू लग्ने वैध करण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले तेव्हा धर्म बुडाल्याचा आरडाओरडा झाला आणि ते विधेयक बारगळले. शाहू महाराजांनी वाट पाहिली नाही. १९१९ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानापुरता आंतरजातीय विवाहाचा कायदा करून टाकला. दिल्लीत अडले ते एका संस्थानात झाले. माझी सगळी मागणी याच मार्गाची आहे.

जिल्ह्याला आता ज्यांचे नाव आहे त्या अहिल्यादेवींचे माहेर चौंडी, जामखेड तालुक्यात. खर्डाही त्याच तालुक्यात. मुलगी मुक्ताबाईच्या लग्नासाठी अहिल्यादेवींनी जातीची नाही तर पराक्रमाची अट घातली, मुलुखातल्या चोर-लुटारूंचा जो बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, अशी आख्यायिका सांगतात. जावई झाले यशवंतराव फणसे. आख्यायिकेला पुरावा म्हणून कोर्टात उभे करता येत नाही, पण त्याच होळकर घराण्यातले पुढचे उदाहरण कागदावरचे आहे. १९२८ मध्ये तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले. नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते तिला हिंदू धर्मात घेतले, शर्मिष्ठादेवी नाव ठेवले. धर्म बदलावा लागला तो का, हे विसरू नये: धर्म न सोडता कोणत्याही दोन धर्मांच्या माणसांना एकत्र आणणारा कायदाच तेव्हा नव्हता. महाराजांनाही नव्हता.

१८७२ चा जुना विशेष विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसांत ही सक्ती राहिली नाही. पण हिंदू-पारशी असे जोडपे असेल तर पुन्हा तेच. आपल्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ कैदेत असलेल्या पंडित नेहरूंना ही अडचण घरातूनच ठाऊक होती. कैद होण्याच्या काही महिने आधी, मार्च १९४२ मध्ये, त्यांच्या मुलीने फिरोज गांधींशी लग्न केले होते. पुढे तेच पंतप्रधान असताना १९५४ चा कायदा आला आणि धर्म नाकारण्याची अट गेली. मोठे पाऊल होते. फक्त नोटीस राहिली. आणि ऐका, १८७२ च्या इंग्रजी कायद्यात नोटिशीनंतर थांबायचे दिवस १४ होते. स्वतंत्र भारताने ते ३० केले.

जाता जाता कलम १९ कडेही पाहा. एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली दुसऱ्या धर्माच्या व्यक्तीशी लग्न केले की तो कुटुंबातून विभक्त झाला असे आपोआप मानले जाते. हिस्सा जात नाही, पण सातबाऱ्यावर चार भावांची नावे असलेल्या घरात या कलमाचा उपयोग कोण कसा करतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग हे नोटिशीचे प्रकरण न्यायालयात का सुटले नाही? प्रयत्न झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यानंतर या नोटिशीला आव्हान मिळणे ठरलेलेच होते. १२ जानेवारी २०२१ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाने सांगितले की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावे. त्यांनी लेखी मागितले तरच ती लावावी. चांगला निकाल, पण तो उत्तर प्रदेशातला. आपल्या विवाह अधिकाऱ्याला तो दाखवला तर तो आदराने वाचून परत देतो. केरळमधल्या एका महिलेने याच कलमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ती फेटाळली गेली, तुमचे लग्न आता होऊन गेले आहे, तुम्ही पीडित राहिला नाहीत, असे कारण देऊन. आता सांगा, लग्नाआधीच्या तीस दिवसांत लपत फिरणारे जोडपे दिल्लीला जाऊन घटनात्मक आव्हान कसे देणार? आणि लग्नानंतर गेले तर दार बंद. न्यायालयाचा अनादर करत नाही, पण या फेऱ्यातून बाहेर काढायचे काम आता कायदा करणाऱ्यांचे आहे.

विधी आयोगाने २०१२ च्या आपल्या २४२ व्या अहवालात, विवाहस्वातंत्र्यात खाप पंचायतींची ढवळाढवळ रोखण्याचा विचार करताना, नोटीस आणि नोंदणी यांच्यातले अंतर काढून टाकावे असे सुचवले आहे. केरळ सरकारने २०२० मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले, कारण त्या उतरवून घेऊन जोडप्यांचा छळ होऊ लागला होता.

तुमच्याकडे येणारे पालक म्हणतील, आणि त्यांचे सगळेच चूक नाही, की नोटीस गेली तर मुलींना फसवणारे मोकाट सुटतील. आधीची बायको लपवणारा, वय खोटे सांगणारा, नाव बदलून येणारा. या भीतीची टिंगल मी करणार नाही. पण मग तीच भीती आळंदीला का लागू होत नाही? तिथे तासाभरात लागणाऱ्या लग्नात फसवणूक होत नाही का? वय, आधीचे लग्न, जवळचे नाते या गोष्टी आधार, जन्मदाखला, घटस्फोटाचा हुकूमनामा, प्रतिज्ञापत्र यांनी तपासता येतात. तीन साक्षीदार कायद्याने लागतातच, खोट्या प्रतिज्ञेला तुरुंग आहेच. ही तपासणी अधिकाऱ्याने करावी, चोख करावी. भावकीच्या चुलत्याला त्यासाठी वही उघडून द्यायची गरज नाही. आणि दोन हिंदूंना जे नोटिशीचे ओझे नाही ते हिंदू-मुसलमान जोडप्याला का, याचे उत्तर अनुच्छेद १४ समोर देणे अवघड आहे.

राज्य सरकारचे स्वतःचे धोरणही गमतीदार आहे. अनुसूचित जाती-जमाती किंवा विमुक्त-भटक्यांपैकी एकाने सवर्णाशी लग्न केले तर समाजकल्याण विभाग त्या जोडप्याला ५०,००० रुपये देतो. आधी ही रक्कम १५,००० होती, २०१० मध्ये वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी पोलीस अधीक्षकांचा विशेष कक्ष, मदतवाहिनी आणि सुरक्षित निवारा यांबद्दल आदेश दिले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या गृह विभागानेही तशा सूचना काढल्या. एका हाताने हे. दुसऱ्या हाताने १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. टीका झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' शब्द गाळला, आंतरधर्मीय ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती. तुमच्यापैकी काही जण सरकारच्या बाजूचे आहेत, काही विरोधी बाकांवर. मला त्या वादात आत्ता पडायचे नाही. जबरदस्तीच्या लग्नाला विरोध असेल तर तो जबरदस्तीला असावा. नोटिशीची कलमे जबरदस्ती ओळखत नाहीत, ती फक्त पत्ता सांगतात.

राष्ट्रपतींच्या संमतीची अडचण पुढे केली जाईल. केंद्राच्या कायद्यात राज्याने दुरुस्ती केली तर अनुच्छेद २५४(२) खाली ती लागते, खरे आहे. पण अशी संमती महाराष्ट्राने घेतलेली आहे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये एकमुखाने केला, राष्ट्रपतींकडे पाठवला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. पाथर्डी तालुक्यातल्या मढीत कानिफनाथाच्या यात्रेत वर्षानुवर्षे भटक्यांच्या पंचायती बसत आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्यांचा निवाडा करत. त्यांच्यावर कायदा चालवताना आपले हात थरथरले नाहीत. सरकारी कार्यालयातल्या भिंतीवर चालवताना थरथरू नयेत.

मागण्या नेमक्या सांगतो. येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी कोणीही एकाने अशासकीय विधेयक मांडावे आणि उरलेल्यांनी त्यावर बोलावे. त्यात कलम ६ मधली वही सर्वांना खुली ठेवण्याची आणि नोटीस लावण्याची तरतूद महाराष्ट्रापुरती वगळावी. कलम ५ चा ३० दिवसांचा निवास आणि कलम ७ ची सर्वांना खुली हरकत काढावी. त्याजागी विवाह अधिकाऱ्याने सात दिवसांत कागदपत्रे तपासून लग्न लावावे, आणि आधीचा जोडीदार किंवा अज्ञान वय एवढ्याच कारणांवर, पुराव्यासह, हरकत ऐकावी. विधेयकाला वेळ लागेल. तोवर तारांकित प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत अहिल्यानगरच्या विवाह अधिकाऱ्याकडे विशेष विवाह कायद्याखाली किती नोटिसा आल्या, किती लग्ने लागली, किती जोडपी नोटीस देऊन परत आलीच नाहीत, किती हरकती आल्या, त्या कुणाच्या होत्या आणि किती टिकल्या. पोलीस अधीक्षकांचा विशेष कक्ष कुठे बसतो, निवारा कोणत्या इमारतीत आहे, तिथे आजवर किती जण राहिले, हेही विचारा. उत्तरे सभागृहाच्या पटलावर आली की विधेयकाचा मसुदा तयार करायला आमच्या बार असोसिएशनमधले दोन-चार जण फी न घेता बसतील, मीही त्यांत असेन.

आपला,
नगरच्या न्यायालयात वकिली करणारा एक मतदार